वर कोण हाय?

८ फेब्रुवारी, टेंभुर्णी

पोचले बाई एकदाची! सकाळी जालन्याहून निघाले आणि आता टेंभुर्णीत आईच्या एका मैत्रिणीच्या गच्चीवर पाय पसरून बसलेय. सायकलचं हँडल धरून धरून हात इतके भरून आलेत की पेन धरवत नाही. म्हणून ही रोजनिशी मी फोनला सांगतेय आणि तो बिचारा टाइप करतोय. फोन गळ्यात लटकवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात आहे. पाण्यात पडला तरी चालू राहतो म्हणे. दुकानदाराची शपथ, खरीखोटी त्याची त्याला ठाऊक.

आज मन भरेस्तोवर पाणी बघितलं. पुण्यात ऑफिसात बसून जालन्याचा वरून काढलेला एक फोटो बघितला होता, सगळा उतार निळ्या चौकोनांनी भरलेला. शेततळी, पाझर तलाव, नाल्यांवरचे बंधारे. ज्या जिल्ह्याला जन्मभर दुष्काळी म्हणून हिणवलं, तिथं एवढं पाणी! साहेबाशी भांडून रजा घेतली आणि सायकल काढली. तळ्यातळ्यानं फिरत जायचं आणि शेवटी बाबांच्या मूळ गावी, कुंभार पिंपळगावला पोचून तिथनं त्यांना फोन लावायचा. बाबा रडतील, मला माहीत आहे.

फक्त एका गोष्टीनं डोकं उठलं. जिथं थांबावं तिथं तेच तीन प्रश्न. सायकलवर का, गाडी न्हाई का? एकट्याच का, मालक कुठंयत? आणि मग चहाचा घोट घेत, अगदी सहज विचारल्यासारखं, आडनाव काय म्हणालात? साळवे म्हटलं की समोरचा एकदम उन्हाबद्दल बोलायला लागतो. एका फाट्यावर सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आणि मला तेवढा कागदी कपात. असेल, ग्लास संपले असतील. पण मी तो चहा तिथंच ओतला आणि निघाले.

९ फेब्रुवारी, नांदरखेडा

आज जे केलं ते सांगायची लाज वाटतेय, पण रोजनिशीत खोटं बोलायचं तर लिहायचंच कशाला.

सकाळ फार सुंदर गेली. घाटे भरलेला हरभरा, निसवलेली ज्वारी, प्रत्येक तळ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मग समोरून वारा सुटला, आणि मग बाभळीचा काटा! पंक्चर काढलं, पुढं गेले, पुन्हा काटा. तिसऱ्यांदा ट्यूब पार फाटली. मी रस्त्यात सायकलीला लाथ मारली आणि अंगठा ठेचून घेतला. तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. चालवत होता कडूबा नावाचा सालगडी आणि मडगार्डवर बसले होते त्याचे मालक, कारभारी नाव त्यांचं. पांढरी टोपी, हसरा चेहरा, वडलांच्या वयाचे. म्हणाले, काळजी करू नका ताई, सायकल ट्रॉलीत टाका, घर जवळच हाय. आणि लगेच आडनावाचा प्रश्न आलाच.

उन्हानं, काट्यांनी, वाऱ्यानं आधीच मस्तक फिरलेलं. म्हटलं घ्या, हेच ऐकायचंय ना तुम्हाला? देशमुख. मोनाली देशमुख. परतूरकडचे.

चिडून, टोमणा मारल्यासारखं बोलले होते. पण टोमणा कुणाला कळणार! कारभारींचा चेहरा दिव्यासारखा उजळला. लेकी म्हणाले. घरी उषाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाय धुवायला गरम पाणी दिलं, हुरडा भाजला, ज्वारीची भाकरी न् पिठलं न् वर तुपाची धार. खा माय, लाजू नको, असं म्हणत पाठीवरून हात फिरवला. मला आतल्या खोलीतला पलंग दिला. इतकं चांगलं मला रस्त्यात कुणीच वागवलं नव्हतं आणि ते सगळं त्या आडनावाला होतं. जेवण गोड लागलं, याचाच राग येऊन राह्यलाय.

बाबांनी आयुष्यभर दारावर आडनावाची पाटी दुरून वाचता येईल एवढी मोठी लावली. उद्या ट्यूब मिळाली की निघणार.

१० फेब्रुवारी, नांदरखेडा

ट्यूब मिळाली नाही. माझ्या चाकाच्या मापाची इथं कुठली असणार! कारभारींनी शहरात निरोप धाडलाय, उद्या येईल म्हणतात.

सकाळी एक गोष्ट बघितली आणि फार आवडली. विहिरीतल्या मोटरीत कचरा अडकला होता. कडूबा कमरेला दोर बांधून उतरला. खाली गेल्यावर त्यानं ओरडून विचारलं, वर कोण हाय? त्याला दिसत होतं की वर कोण हाय. तरी कारभारींनी दोर धरून आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, खणखणीत. मग काम सुरू झालं. मला म्हणाले, ही इथली रीतच हाय लेकी. नाव सांगितलं की वरचा माणूस बांधला गेला. मंग खालचा वर येईस्तोवर हात सोडायचा न्हाई, मागं घर पेटलं तरी. कडूबा वर आल्यावर कारभारींचे तळवे लालभडक झाले होते. या माणसाबद्दल मला आदर वाटला, खरंच वाटला.

दुपारी म्हटलं यांचं शेततळं बघून येते. उषाबाई म्हणाल्या, दुपारचं तिकडं बिलकुल जाऊ नको माय. मला कुणी जाऊ नको म्हटलं की माझे पाय आधी तिकडंच वळतात.

तळं आहे मात्र देखणं. चारी बाजूंनी मातीचा उंच भराव, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, निळंशार पाणी. कागदावर शेवाळ धरलंय. आत घसरलेल्या माणसाचे हातपाय त्यावर टेकत नाहीत, कितीही पोहता येऊ दे. म्हणून तर वाटेतल्या प्रत्येक शेततळ्यात खुंटीला बांधून गाठीगाठींचा दोर सोडलेला बघितला. इथं लोखंडी खुंटी आहे आणि तिच्यावर दोराचं वीतभर टोक. टोक कुजलेलं नाही, कोयत्यानं सरळ कापलेलं आहे.

परत येऊन कारभारींना फैलावर घेतलं. विहिरीत एवढी रीत पाळता आणि तळ्याला साधा दोर नाही? उद्या कुणाचं लेकरू पडलं म्हणजे? ते म्हणाले, कुजला होता, बांधू. कडूबा मान खाली घालून निघून गेला. उषाबाईंनी तव्यावरची भाकरी करपू दिली.

११ फेब्रुवारी, नांदरखेडा

माझे हात सोलून निघालेत. नीट, पहिल्यापासून सांगते.

भर दुपारी पुन्हा तळ्यावर गेले आणि बघते तर खुंटीला दोर! गाठीगाठींचा, ओलाचिंब, कागदावरून खाली पाण्यात गेलेला. म्हटलं चला, आपल्या बोलण्याचा उपयोग झाला. भरावावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात खालून, पाण्याच्या अंगानं, बाईचा आवाज आला. वर कोण हाय?

मला वाटलं पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करायला कुणी मजूर बाई उतरलीय. भरावाच्या कडेमुळं ती दिसत नव्हती. दोर हलत होता. कालची रीत आठवली. कुणीतरी मला या कामात धरलं म्हणून बरंच वाटलं. मी दोर धरला आणि ओरडले, मी हाय! मोनाली देशमुख!

दोन दिवस त्या घरात तेच नाव ऐकत होते, तेच तोंडात आलं.

दोराला असा हिसका बसला की मी गुडघ्यांवर आले. हाताची सालटी निघाली. बाईमाणसाचं एवढं वजन नसतं. मी टाचा रोवल्या, ओढलं, ओरडले की अगं जोर लाव की, मी धरलंय! आणि एकदम दोर सैल झाला. कडेवर ओणवी होऊन बघितलं. पाण्यावर एक तरंग नाही. दोर नाही. खुंटीवर तेच कापलेलं टोक. माझ्या हातांतून मात्र पाणी गळत होतं.

घरी येऊन ओरडायलाच लागले, तळ्यात कोण आहे म्हणून. कारभारींच्या हातातली सुपारी खाली पडली. ती दिसली का, असं कुणी विचारलंच नाही. उषाबाईंनी विचारलं ते एवढंच, नाव सांगितलंस का माय? हो म्हटलं, तर पदर तोंडात कोंबून आत गेल्या.

आणि ट्यूब? ती आलेलीच होती म्हणे सकाळी. कारभारींनी स्वतः चाक बसवून दिलं. जल्दी निघ लेकी, म्हणाले, मागं बघू नको, कुठल्या तळ्यावर थांबू नको. काय झालंय ते सांगा म्हटलं, तर हात जोडले. मला हात जोडणाऱ्या माणसांचा संताप येतो. पण ऊन कलून गेलं होतं, सायकल लावून ठेवली आणि पडले. पहाटे निघायचं.

१२ फेब्रुवारी, नांदरखेडा. पुन्हा.

हो, पुन्हा इथंच. निघाले होते. मैलभर नीट गेले आणि मग सायकल जड व्हायला लागली. ब्रेक बघितला, चेन बघितली, सगळं बराबर. गिअर सगळ्यात हलका केला तरी पाय रेटेना, जसं काही मी मागं कुणाला तरी ओढत नेतेय. रस्ता सपाट! मी घोड्यासारखी फुरफुरत होते, शिव्या देत होते.

पुढं पाझर तलाव लागला. काठावर बाभळीच्या बुंध्याला ओला दोर बांधलेला. बघितलंच नाही असं करून पुढं गेले. पुढच्या बंधाऱ्यावर पुन्हा, दगडाला. मग मागं वळून बघितलं. माझ्या कॅरिअरला गाठ मारलेली. दोर रस्त्यावरनं मागं गेलेला, डांबरावर ओला पट्टा, लांब, पार नांदरखेड्याच्या दिशेला.

सुरीनं कापला. सुरी आरपार गेली आणि दोर तसाच. पुन्हा कापला. रडत रडत, तोंडाला येईल ते बोलत कापत राहिले. भर उन्हात, कणसांवर पाखरं ओरडतायत, दूरवर कुणाची तरी मोटर चालू आहे, आणि मी डांबरावर बसून नसलेला दोर कापतेय.

तोंड फिरवून नांदरखेड्याकडं निघाले तर सायकल हलकी, न रेटता चालायला लागली.

गावाच्या अलीकडं बौद्धवाडा आहे. विहाराच्या ओट्यावर एक माणूस विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या ओल्या पट्ट्याकडं बघितलं आणि विचारलं, काय नाव सांगितलंस तिला? मी दे— म्हणाले. विहाराच्या दारातून आतली तसबीर दिसत होती. खरं सांगितलं. साळवे. त्यांना देशमुख सांगितलं.

त्याचं नाव भिवा. तळ्यात गेली ती बेबीनंदा, त्याची बायको. गेल्या उन्हाळ्यात बौद्धवाड्यातला हातपंप आटला, तवा बाया कारभारीच्या तळ्यावर जाऊ लागल्या. एकीनं दोर धरायचा, एकीनं उतरून हंडा भरायचा. कारभारी म्हणाला कागद फाटतो. मंग म्हणाला पाणी बाटतं. मंग कडूबाला सांगून दोर कापला, म्हंजी कुणी येणार न्हाई. बेबीनंदा आली. घरात तापलेलं लेकरू होतं, ती आली. घसरली. ओरडणं ऐकून कारभारी आला, बायको आली, कडूबा आला. भरावावर उभे राह्यले. पाण्यातून ती विचारत होती, वर कोण हाय? वर कोण हाय? उपरणं टाकलं असतं तरी पुरलं असतं. पण नाव सांगितलं की धरावं लागतं, म्हणून एकानंही नाव सांगितलं न्हाई. हे सगळं लांबून बघत, ऐकत भिवा पळत पोचला तवा हंडा तेवढा तरंगत होता. अपघात म्हणून कागद मिटला.

तवापासून दुपारी दोर येतो, म्हणाला. नाव सांगणारं कुणी भेटेस्तोवर ती विचारत राहणार. आणि सांगितलं कुणी, तर तू. आणि तेबी त्यांचं नाव लावून!

मला वाटलं माझी कीव करेल. विळा आपटून उठला. म्हणाला, चोरून आडनाव घेतलंस, त्यांच्या ताटात तूप खाल्लंस, आता ते नाव निस्तर. जिवंतपणी माझ्या बायकोनं कुणापुढं नाव लपवलं न्हाई. जा, तिला तुझं खरं नाव सांग. खोट्या नावानं धरलेला दोर सुटत न्हाई. मी चिडले होते, पण त्याच्यावर नाही.

बाबांना फोन लावला. उचलला नाही. दुपारची झोप.

१३ फेब्रुवारी

सकाळ. बौद्धवाड्यातच झोपले. भिवानं भाकरी दिली. बोटांतून पाणी ठिबकतंय, पुसलं तरी. कारभारीकडं जाणार आधी. त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून सांगणार आणि मग तळ्यावर. भिवाला म्हटलं एकटी जाते. हे मी लावून घेतलंय, मीच निस्तरणार.

१३ फेब्रुवारी, दुपार

सांगितलं. ते सगळे जेवायला बसले होते. म्हटलं, मी देशमुख नाही. साळवे. जालन्याचे, मूळ कुंभार पिंपळगावचे साळवे. कुणी ओरडलं नाही. कारभारींनी आपलं ताट दूर सरकवलं. मला न्याहाळून बघितलं, जसं काही पहिल्यांदाच. मग उषाबाईंना म्हणाले, आतली गादी उन्हात टाक.

गादी! तळ्यात बाई मेली आणि यांना गादीची पडलीय! मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. बेबीनंदाचं नाव घेतलं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. म्हटलं चला, तळ्यावर चला, तिच्यासमोर नाव सांगा आपलं. आले. का आले कोण जाणे, पण कडूबासकट माझ्या मागं आले. मी पुढं. राग इतका की पाय जमिनीला लागत नाहीत. भराव दिसतोय. दोर आहे. ओला. चढते—

१३, तळ्यात

पडले. फोन चालू आहे. चालू आहे.

नाव सांगायला वाकले आणि हिसका— सा म्हणायच्या आत खाली. गार आहे. पाय टेकत नाहीत. कागद हाताला लागतो न् सुटतो. नखं— शेवाळ.

दोर माझ्या हातात आहे. वर खुंटीला बांधलेला नाही आता. टोक भरावावर पडलंय. कारभारींच्या पायाशी. पायाशी! वाकायचं फक्त.

मी ओरडतेय. वर कोण हाय?

उभे आहेत. बघतायत.

नावं घेते. हे राहू दे फोनमध्ये. कारभारी. टोपी काढून हातात धरलीय. उषाबाई, त्यांची बायको. तोंड उघडतायत, नाव येत नाही तोंडातनं. रडतायत. रडू नका, धरा! कडूबा. एक पाऊल पुढं आला. कारभारींनी नुसतं बघितलं. थांबला.

वर कोण हाय? अहो, नाव सांगा की! एकानं तरी—

कुणी नाही.

दम— बाबा, मी पाटी मोठी लावीन. शपथ.

पाणी हललं. माझ्या खाली. हात आहे. घोट्याला. घट्ट नाही— धरलाय नुसता.

विचारतेय. खालून. वर कोण हाय?

ताई ऐक. ते न्हाईत, मी आहे. देशमुख न्हाई गं, खोटं बोलले. मी वर आहे, मी धरलाय तुला, मी मोनाली, मोनाली सा—